पाणी जोखताना

माणसाने चाळिशी ओलांडली की त्याला एखादा नाद लागावा, हे आपल्या समाजाला मान्य आहे. कुणी कुंडीत गुलाब वाढवतो, कुणी जुनी नाणी जमवतो, कुणाला एकाएकी पेटी शिकावीशी वाटते. यांपैकी कशालाच कुणी हरकत घेत नाही. पण मराठीचा एक प्राध्यापक फावल्या वेळात सुऱ्या करतो, हे ऐकले की समोरचा माणूस नकळत आपली खुर्ची चार बोटे मागे सरकवतो. मग मी घाईघाईने सांगतो, की अहो, भाजी चिरायच्या सुऱ्या! एवढे सांगितल्यावर खुर्ची पुन्हा जागेवर येते. मात्र चेहऱ्यावरची शंका काही केल्या जात नाही. आणि परवा जेव्हा मी स्टाफरूममध्ये म्हटले, की मला आता पोलादाचा कठीणपणा मोजायचे एक हातातले यंत्र घ्यायचे आहे, तेव्हा एका सहकाऱ्याने चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे विचारले, "कुणासाठी? पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी की विद्यापीठासाठी?"

थट्टा सोडून द्या. पण हौसेखातर सुऱ्या करणाऱ्याला असले यंत्र कशाला हवे, हा प्रश्न काही खोटा नाही, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपेही नाही.

आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात एक ग्राइंडर, ऐरणीच्या जागी रुळाचा एक तुकडा आणि भंगार बाजारातून आणलेली विजेची एक छोटी भट्टी, एवढाच माझा संसार. बेअरिंगसाठी वापरतात त्या जातीच्या पोलादाची पट्टी मी आणतो. त्या पोलादात शंभरात साधारण एक भाग कार्बन आणि दीड भाग क्रोमियम असते. पट्टी कापायची, घासून पात्याचा आकार आणायचा, आणि मग ते पाते भट्टीत घालायचे. तापत तापत ते ७७० अंशांच्या आसपास गेले की लोहचुंबक त्याला ओळख दाखवीनासा होतो. त्याच्याही पुढे, सुमारे ८४० अंशांपर्यंत त्याला न्यायचे, थोडा वेळ तिथे मुरू द्यायचे, आणि मग एका दमात कोमट तेलात बुडवायचे. क्षणभर तेल फसफसते, धूर होतो, आणि जे बाहेर येते ते पाते काचेसारखे कठीण आणि काचेसारखेच ठिसूळ असते. हातून फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडे व्हायचे. म्हणून त्याला पुन्हा भट्टीत घालून, या वेळी फक्त दोनशे ते तीनशे अंशांवर, तासदोन तास शेकायचे. या शेकण्यात त्याचा थोडा ताठा जातो आणि थोडा चिवटपणा येतो. किती ताठा घालवायचा आणि किती ठेवायचा, एवढ्यातच सारी विद्या आहे.

आपल्या लोहारांनी या साऱ्या व्यवहाराला एक फार सुंदर नाव ठेवले आहे. ते म्हणतात, पोलादाला 'पाणी पाजले'. मी ते तेलात बुडवतो, तरीही ते पाणीच. या एका पाण्यावर मराठी भाषेने किती पिके काढली आहेत पाहा! माणूस पाणीदार असतो, प्रसंगी एखाद्याचे पाणी उतरते, आणि शहाणा माणूस समोरच्याचे पाणी जोखून मगच बोलतो. वर्गात हे वाक्प्रचार मी कितीतरी वर्षे शिकवले. पण पात्यातले पाणी डोळ्यांना दिसत नाही, हे मला शेडमध्येच कळले. एकाच पट्टीतून कापलेली दोन पाती, एक दोनशे अंशांवर शेकलेले आणि दुसरे तीनशेवर, घासून लख्ख केली की जुळ्या बहिणींसारखी दिसतात. एक कठीण, दुसरे मऊ. पण कोणते कोणते हे त्यांच्या आईलाही ओळखता येऊ नये!

तुम्ही म्हणाल, वापरून पाहावे, म्हणजे कळेल. मीही तेच म्हणत होतो. माझ्या थोरल्या वहिनी गावात खानावळ चालवतात. रोज पाचसहा किलो कांदा, त्यावर कोबी, गवार, बटाटे. सकाळी सातपासून दुपारपर्यंत त्यांच्या हातात सुरी असते. त्यांना मी मुद्दाम दोन सुऱ्या करून दिल्या. पाती सारखी, मुठी सारख्या. फक्त एकीच्या मुठीला एक पितळी खिळा आणि दुसरीच्या मुठीला दोन. एक खिळ्याची दोनशे अंशांवर शेकलेली, दोन खिळ्यांची तीनशेवर. महिन्याभराने मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, "वहिनी, कोणती बरी आहे?"

त्या म्हणाल्या, "भाऊजी, दोन्ही झकास आहेत!"

पुढच्या महिन्यात पुन्हा विचारले. पुन्हा दोन्ही झकास. मग माझ्या ध्यानात आले, की हौशी माणसाच्या नशिबात स्तुती भरपूर असते, खरे मात्र त्याला कुणी सांगत नाही. दुकानातून आणलेली सुरी वाईट निघाली तर माणूस दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण दिराने सुटीच्या दिवशी राबून, हात काळे करून आणून दिलेल्या सुरीबद्दल कोणती वहिनी वावगा शब्द काढील? कवितेची वही घेऊन माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मीही असाच "छान आहे, लिहीत राहा" म्हणतो. त्या शब्दांची किंमत त्या मुलांना कळत नसेल, पण मला तरी ती ठाऊक आहे.

आणि इथे प्रश्न नुसत्या माझ्या हौसेचा नव्हता. पाते वाजवीपेक्षा कठीण राहिले, तर हाडावर किंवा सुक्या खोबऱ्यावर त्याच्या धारेचा कपचा उडतो, आणि तो कपचा कुणाच्या तरी ताटात जातो. वाजवीपेक्षा मऊ झाले, तर दुपारी धार बसते, सुरी दाबून चालवावी लागते, आणि बोटे कापतात ती बोथट सुरीनेच. पन्नास माणसांचे जेवण आणि एका बाईची दहा बोटे यांचा मामला होता. मला असा एक साक्षीदार हवा होता, की ज्याला माझी भीड नाही.

म्हणून मी पोलादाच्या परीक्षांचा अभ्यास सुरू केला. आणि परीक्षक म्हणून इतकी वर्षे घालवलेल्या माणसाला त्यात मोठी मौज वाटली. कठीणपणा म्हणजे काय, याचे एकच उत्तर नाही. तुम्ही प्रश्न कसा विचारता त्यावर ते अवलंबून आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली ओरखड्याचा प्रश्न विचारला: कोण कुणाला ओरखडा काढतो? स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली दाबाचा प्रश्न विचारला. पोलादी गोळी वस्तूवर दाबायची आणि उमटलेला खळगा किती रुंद ते मोजायचे. त्यांची नेहमीची गोळी दहा मिलिमीटरची आणि भार तीन हजार किलोंचा. ओतीव लोखंडाच्या जाडजूड ठोकळ्याला हे मानवते. माझ्या सुरीवर ती गोळी दाबली, तर सुरीची पळी व्हायची. तिसरा प्रश्न उसळीचा. कठीण वस्तूवर टाकलेली गोळी जास्त उसळते, मऊ वस्तूवर कमी. या उसळीचाच आधार घेऊन १९७५ साली डीटमार लेब यांनी हातात मावणारे यंत्र शोधून काढले, आणि आज बाजारात हातातले यंत्र म्हणून जे सर्रास मिळते, ते बहुधा याच घराण्यातले असते.

तेच मला घ्यायचे होते. दिसायला ते मोठे देखणे. जाडशा पेनाएवढी एक नळी आणि वर आकडे दाखवणारा लहानसा पडदा. नळीच्या आत स्प्रिंगच्या जोरावर सुटणारा एक छोटा दट्ट्या असतो आणि त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची तीन मिलिमीटरची गोळी. ती आदळण्याआधी किती वेगाने गेली आणि आदळून किती वेगाने परतली, हे यंत्र मोजते आणि त्या दोहोंच्या प्रमाणावरून कठीणपणाचा आकडा काढते. किमतीत माझे पुस्तकांचे एक कपाट पुन्हा नवे भरले असते. पण त्याचे काही वाटले नाही. सांगलीतल्या एका दुकानात विक्रेत्याने मला ते चालवून दाखवले. सोबतच्या पोलादी ठोकळ्यावर टक् करून दाबले. ठोकळ्यावर कोरलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा अगदी भावाभावांसारखे जुळले. मी पिशवीतून वहिनींकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेल्या सुऱ्या काढल्या. एक खिळ्याच्या सुरीवर टक् केले. एकदा आले ४१. पुन्हा केले, ३३. तिसऱ्यांदा, ३८. चाळिशीच्या आसपासचे पाते म्हणजे नुसते लोणी. तेवढ्याने टोमॅटोदेखील धडपणे चिरला जाणार नाही.

मी विक्रेत्याकडे पाहिले. तो तरुण मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, यंत्र खोटं बोलत नाही, पण ही वस्तू त्याच्या जोगी नाही." आणि त्याने पुस्तिकेचे पान काढून माझ्यापुढे धरले. या जातीच्या यंत्राला सुटी वस्तू किमान पाच किलो वजनाची आणि पंचवीस मिलिमीटर जाडीची लागते. त्याहून हलकी वस्तू असेल, तर ती जड ठोकळ्यावर लेप लावून अशी घट्ट बसवावी लागते, की दोन्ही मिळून एकच वस्तू व्हावी. आणि त्यालाही खालची मर्यादा आहे. माझी सुरी सव्वाशे ग्रॅमची, पाठीकडे दोन मिलिमीटर आणि धारेकडे शून्यावर आलेली. गोळी आदळली की पातेच थरथरते, आणि उसळीत यायचा जोर त्या थरथरण्यात जिरून जातो. मग यंत्र आपले म्हणते, वस्तू मऊ आहे! तोंडी परीक्षेत घाबरून थरथरणाऱ्या हुशार मुलाला नापास करणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यांचा दोष एवढाच, की ते थरथरण्याला उत्तर समजतात.

पातळ वस्तूंना चालतील अशी, स्वनातीत कंपनांवर चालणारी हातातली यंत्रेही आहेत. पण त्यांची किंमत ऐकून मी दुकानदाराला नमस्कार केला आणि सुऱ्या पिशवीत घातल्या.

आता आमच्या भागाची एक गंमत सांगतो. मिरज म्हटले की लोकांना सतार आणि तंबोरा आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण याच मिरजेपासून जयसिंगपूर-इचलकरंजीपर्यंतच्या पट्ट्यात धातूंचा कठीणपणा मोजायची मोठी यंत्रेही तयार होतात. एका हाताने भोपळ्याचा सूर जुळवणाऱ्या या मुलखाने दुसऱ्या हाताने पोलादाचे पाणी जोखावे, याचे मला अपरंपार कौतुक वाटते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाला पाणी पाजून देणाऱ्या एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "या सर. आपल्याकडे रॉकवेलचं मशीन आहे."

हे रॉकवेल दोन. ह्यू आणि स्टॅन्ली. आडनाव एक, पण जवळचे नाते नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रिस्टल गावी बेअरिंगच्या कारखान्यात दोघे काम करीत, आणि बेअरिंगच्या कड्यांना पाणी नीट बसले की नाही, हे झटपट कळावे म्हणून त्यांनी हे यंत्र योजले. १९१४ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९१९ साली ते मिळाले. म्हणजे जे पोलाद मी सुरीसाठी वापरतो, त्याच्याच वंशासाठी हे यंत्र जन्माला आले म्हणायचे!

त्याची रीत मला फार आवडली. हिऱ्याचा एक बोथट सुळका आधी दहा किलोंच्या भाराने पोलादावर टेकवतात. ही नुसती ओळख. तिथून शून्य धरायचे. मग भार दीडशे किलोंपर्यंत वाढवतात, थोडे थांबतात, आणि वाढवलेला भार काढून घेतात. एवढ्याने सुळका कायमचा किती आत गेला, ते पाहायचे. गणित शंभरापासून उलटे चालते. दर दोन सहस्रांश मिलिमीटरला एक गुण वजा. साठ गुण मिळाले, म्हणजे चाळीस गुण गेले. सुळका आठ शतांश मिलिमीटर आत शिरला, जेमतेम केसाच्या जाडीएवढा. आणि खळगा इतका उथळ, की दोन मिलिमीटर जाडीच्या पात्यालाही हे सहज सोसते. माझ्या सुऱ्यांना मुठीच्या अगदी पुढे अंगठ्याएवढी सपाट जागा मी ठेवतो. तिथली वरची साल मी आधीच घासून काढली होती, कारण भट्टीत पोलादाच्या कातडीतला कार्बन थोडा जळतो आणि साल मऊ लागते. यंत्रावरच्या वयस्क कारागिराने ती जागा बोटाने चाचपली, मान डोलावली, आणि चाक फिरवले. तीन तीन वेळा पाहिले. एक खिळ्याची सुरी ६१. दोन खिळ्यांची ५७.

चार गुणांचा फरक. म्हणजे सुळक्याच्या शिरण्यात मिलिमीटरचा आठ सहस्रांश! महिनोन्महिने जे कुणी मला सांगितले नाही, ते या यंत्राने पाच मिनिटांत आणि तेही भीड न ठेवता सांगितले.

पण दर सुरीमागे कुपवाडला जाणे काही खरे नव्हे. म्हणून शेवटी मी जे विकत घेतले ते यंत्र नव्हतेच. सहा कानशींचा एक संच घेतला, जपानी बनावटीचा. प्रत्येक कानशीचा कठीणपणा ठरवून दिलेला: ४०, ४५, ५०, ५५, ६० आणि ६५. कानस पात्यावर हलकेच ढकलायची. पाते तिच्याहून कठीण असेल तर ती बर्फावरून घसरल्यासारखी घसरते. मऊ असेल तर दात लागतात आणि हाताला ती ओढ जाणवते. घरी येऊन मी दोन्ही सुऱ्या तपासल्या. एक खिळ्यावर ६० ची घसरली, ६५ ची लागली. दोन खिळ्यांवर ५५ ची घसरली, ६० ची लागली. कुपवाडच्या यंत्राने जे सांगितले होते, त्याला सहाही जणींनी एकमताने दुजोरा दिला. नेमका आकडा त्या देत नाहीत. 'याच्या वर, त्याच्या खाली' एवढेच सांगतात. पण भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तेवढे पुरते.

आणि त्यात एक समाधानही आहे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून, मालमोटारीच्या पाट्यातून कोयते आणि विळे घडवणारे घिसाडी तुम्ही पाहिले असतील. घरधनीण घण मारते, नवरा सांडशीत पाते फिरवतो. पाणी पाजल्यावर तो घिसाडी काय करतो? धारेवरून कानस ओढून पाहतो. कानस घसरली की त्याने ओळखले, पाणी बसले. माझ्या सहा कानशी म्हणजे त्याच्या एका कानशीला आकडे घातले, एवढेच.

आकड्याची मर्यादाही मला याच नादात कळली. कठीणपणा जिवंत पात्याला विचारता येतो. चिवटपणा विचारायचा तर ते मोडावे लागते. लोलक आदळून नमुना तोडतात आणि तोडायला किती जोर लागला ते पाहतात, तेव्हा कुठे तो कळतो. भट्टीत वाजवीपेक्षा जास्त तापून आतून भरड झालेले पातेही साठ दाखवते आणि जपून तापवलेलेही साठच दाखवते. गुणपत्रिकेवर दोघे सारखे. पण संकट आले की एक टिकते आणि दुसरे तडकते. हे मी पोलादाविषयी लिहीत आहे. माणसांविषयी लिहायचे धाडस मला नाही.

सुऱ्या परत द्यायला खानावळीत गेलो, तेव्हा वहिनी पोळ्यांच्या गडबडीत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले. ही ६१, ही ५७. मोठा आकडा म्हणजे धार जास्त टिकते, पण ती लावायला कष्ट पडतात. मला वाटले, त्या हसतील आणि पुन्हा 'दोन्ही झकास' म्हणतील. पण त्यांनी लाटणे खाली ठेवले.

"मग खरं सांगू का भाऊजी? ही एक खिळ्याची सकाळी फार छान चालते. पण एकदा बसली की मला किंवा पोरींना ती दगडावर लावायला येतच नाही. तुम्ही रविवारी याल तोवर ती तशीच. दोन खिळ्यांची दुपारी जड होते, पण पोरगी सहाणेवर चार हात मारते, की पुन्हा तयार. आम्ही हीच वापरतो."

मी थक्क झालो. माझ्या मनात ६१ ची सुरी पहिली आली होती आणि ५७ ची दुसरी. खानावळीचा निकाल बरोबर उलटा होता. आणि तो त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. फक्त तो बोलायचा कसा, हा प्रश्न होता. 'तुमची सुरी वाईट आहे' असे म्हणणे म्हणजे दिराला दुखावणे. पण '५७ बरी' असे म्हणण्यात कुणाचेच काही बिघडत नव्हते. आकड्याने मला कठीणपणा सांगितला हे खरे. पण त्याहून मोठे काम त्याने केले ते हे, की खरे बोलायला आम्हा दोघांना एक तटस्थ जागा करून दिली.

"आणि भाऊजी," पोळी तव्यावर टाकता टाकता वहिनी म्हणाल्या, "आता विचारताच आहात म्हणून सांगते. मूठ दोन्हींची जाड आहे. हात भरून येतो."

पुढच्या सुरीचे पाते मी कापून ठेवले आहे. तिला ५८ च्या जवळपास ठेवायचा विचार आहे. आणि मूठ एक सूत बारीक.